मनाची पातळी : एका पावसाळ्याच्या नोंदी

१० जून, मंगळवार

शनिवारी पंप बॉडीचे २३ नग रिजेक्ट झाले. बोअर, म्हणजे आतलं भोक, ४० मायक्रॉननं मोठा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायचा दुरुस्तीचा आकडा, चुकला होता. तो मीच टाकला होता आणि ओरडलो मात्र ऑपरेटरवर. पोरगं मान खाली घालून कापडानं टेबल पुसत राहिलं.

काल सुट्टी, म्हणून डॉक्टरांकडं बीपी दाखवायला गेलो. त्यांनी विचारलं, "गेले पंधरा दिवस कसे गेले?" मी म्हटलं, "बरे गेले की." बाहेर येऊन गाडीला किक मारताना लक्षात आलं, हे उत्तर पंधरा दिवसांचं नव्हतंच. सोमवार होता, सकाळी मिसळ खाल्ली होती, त्या तासाभराचं उत्तर मी पंधरवड्याला चिकटवलं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), तीन लेथ, सहा माणसं. शंभर रुपयांच्या नगालाही आमच्याकडं जॉब कार्ड असतं. कधी लावला, कुणी लावला, पहिला पीस कुणी तपासला, सगळं त्यावर. मालकाचं डोकं कसं चाललंय याला मात्र कसलंच कार्ड नाही. तर आता करायचं.

प्रकल्प ९० दिवसांचा. रोज एक नोंद, एका मिनिटाच्या आत. ‘आनंदी होणे’ हे उद्दिष्ट नाही. ते लिहिलं की पहिल्याच आठवड्यात खोटं लिहायला सुरुवात होईल. सध्या फक्त मोजायचं.

सुरुवातीचं माप म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची यादी भरली. १९९८ पासून वापरात असलेली. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत होतं का, अंगात उत्साह होता का, सकाळी ताजंतवानं उठलात का, दिवसभरात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला चारानं गुणायचं, म्हणजे शंभरातला आकडा मिळतो. माझी बेरीज ११, म्हणजे ४४. बेरीज १३ च्या खाली असेल तर एकदा नीट दाखवून घ्यावं असा संकेत आहे. ‘ताजंतवानं उठलात का’ या प्रश्नाला मी शून्य दिला. त्यावर विचारसुद्धा करावा लागला नाही.

१२ जून

पट्टी १ ते १० ठेवली होती. काल ६ लिहिले, आज ७. आता हा ६ आणि ७ यातला फरक मला सांगता येतो का? नाही. व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यानं मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर असतो. त्यानं मायक्रॉन मोजायला गेलेल्या माणसाला आम्ही शॉपमध्ये हसतो. मग मनाचे दहा भाग मी कुठल्या हत्यारानं मोजतोय?

पाचच पायऱ्या केल्या : −२, −१, ०, +१, +२. शून्य म्हणजे नेहमीसारखं. तक्रार नाही, कौतुकही नाही.

पण एका आकड्यात भागत नाही. शनिवारी मी चिडलेलो होतो तेही −२, आणि मे महिन्यात एक ऑर्डर हातची गेली तेव्हा दोन दिवस खुर्चीतून उठवत नव्हतं तेही −२. दोन्ही एकाच खणात टाकणं म्हणजे बोअर मोठा झालेला नग आणि चीर गेलेला नग एकाच पेटीत टाकण्यासारखं. जेम्स रसेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८० मध्ये भावनांची मांडणी दोन रेघांवर केली होती. एक रेघ सुखद की दुखद याची, दुसरी अंगात चेव किती याची. तेच घेतलं. माझ्या वहीत त्यांची नावं ‘मन’ आणि ‘जोर’. चिडलो असेन तर मन −२, जोर +२. खचलो असेन तर मन −२, जोर −२. निवांत असेन तर मन +१, जोर −१.

१४ जून

४४ चा आकडा घेऊन डॉक्टरांकडं परत गेलो. त्यांनी आणखी नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. २७ पैकी माझे ८ आले. १० किंवा पुढं असते तर जास्त खोलात जावं लागलं असतं, म्हणाले. रक्त तपासायला सांगितलं, कारण थायरॉईड बिघडलं तरी माणूस असाच उतरतो. तुमच्या वहीचा काय उपयोग होतो ते तीन महिन्यांनी दाखवायला आणा, असंही म्हणाले.

१६ जून, सोमवार

सहा दिवसांत तीन खाडे.

नोंद शटर ओढताना करायची असं ठरवलं होतं. शटर ओढायच्या वेळी काय असतं? टेम्पोवाला हॉर्न मारतोय, कुणाला तरी उचल पाहिजे, घरून ‘येताना दही आणा’. त्यात मनाची पातळी कोण बघणार.

मोबाइलवर एक ॲप पण घेतलं होतं. आधी नाव, मग ईमेल, मग जन्मतारीख. रात्री नऊला टिंग वाजायचं. पहिल्या दिवशी उघडलं, दुसऱ्या दिवशी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला वाजलं, तिसऱ्या दिवशी बोटानंच बाजूला सारलं. वर एक दिवस चुकला की ‘तुमची साखळी तुटली’ म्हणून रडका चेहरा. मला आणखी एक वसुलीवाला नको होता. काढून टाकलं.

१८ जून

आई गेली चाळीस वर्षं भिंतीवरच्या कालनिर्णयवर हिशेब ठेवते. दूध न घेतलेल्या दिवशी फुली, जादा घेतलं तर ‘१/२’, सिलेंडर लावला की ‘गॅस’, कामवाली आली नाही की ‘खा’. महिनाअखेरीला पैसे देताना तिचा आणि गवळ्याचा हिशेब कधी चुकलेला मी बघितला नाही.

तिला विचारलं, एवढ्याशा चौकोनात कसं मावतं? म्हणाली, "मावंल तेवढंच लिवायचं. जास्त लिवलं की उद्या लिवायचा कंटाळा येतोय."

आजपासून मीही त्याच चौकोनात, खालच्या कोपऱ्यात. दोन आकडे.

२५ जून

आठवडाभर एकही खाडा नाही. पण नोंदी खोट्या निघाल्या.

कालनिर्णय स्वयंपाकघरात. मी −१ लिहिला की पाच मिनिटांत घरभर. लेक पाचवीत आहे, तिनं चौकोन वाचला आणि आली. "पप्पा, आज मायनस एक का? मी तर गप्प बसलो होतो की!" (आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात. पुण्याचे पाहुणे दचकतात.) त्यानंतर तीन दिवस मी सलग +१ लिहिलेत. एक दिवस खरा होता, दोन तिच्यासाठी.

तपासणीचा अहवाल गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून लिहायचा नसतो. जागा बदलायला हवी. मात्र ‘मावंल तेवढंच’ हा नियम सोबत घेऊन जातोय.

२६ जून

शॉपमध्ये संध्याकाळी सगळ्यांचे हात ऑइलनं काळे असतात. नळाजवळ डब्यात धुण्याची पावडर असते. चिमूटभर घेऊन कोपरापर्यंत चोळायची, नखांत ब्रश मारायचा, मग पाणी. हे मी वीस वर्षांत एकही दिवस चुकवलेलं नाही, कारण तसेच हात घेऊन घरी गेलं तर दाराची कडीसुद्धा लावू देत नाहीत.

शंभर पानी वही नळाशेजारच्या टूल कपाटात वरच्या फळीवर ठेवली, गेज ठेवतो तिथंच. पेन दोऱ्यानं बांधलंय. हात पुसले की कपाट, कपाट उघडलं की वही, वही मिटली की गाडीची चावी. चावी मुद्दाम वहीवर ठेवतो. रविवारी शॉप अर्धा दिवस असतं, सोमवारी बंद. त्या सोमवारची नोंद मंगळवारी न करता घरी कागदाच्या चिटोऱ्यावर करून खिशात ठेवायची.

‘अमुक झालं की तमुक करीन’ असं आधीच बांधून ठेवलं की काम होण्याची शक्यता वाढते, यावर मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचं काम आहे. ‘रोज संध्याकाळी लिहीन’ यात दम नाही. संध्याकाळ केवढी मोठी असते. ‘हात पुसले की लिहीन’ यात पळवाट नाही.

खाने पाच : झोप किती तास, मन, जोर, एक शब्द, एक कारण. पहिल्या पंधरा दिवसांच्या नोंदी उतरवून घेतल्या, पण हिशेबात धरणार नाही. ते सेटिंग पीस, मशीन लावताना काढतो ते.

३० जून, सोमवार

मित्राशी रंकाळ्यावर बोलत होतो. तो म्हणाला, "एकवीस दिवस केलास की सवय लागती भावा." हे सगळेच सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ९६ जणांवर केलेला अभ्यास वेगळंच सांगतो. सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला आकडा ६६ दिवसांचा. कुणाला १८ दिवस, तर कुणाचा हिशेब पार २५४ दिवसांपर्यंत जात होता. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही असंही त्यांना दिसलं. म्हणजे तो रडका चेहरा उगाचच रडत होता.

७ जुलै

या आठवड्यात मी वेडेपणा केला.

एक नोंद बरी चाललीय म्हटल्यावर पाच करायला लागलो. सकाळी उठल्यावर, शॉप उघडताना, जेवण झाल्यावर, चहाला, रात्री. चौथ्या दिवशी सगळं −१. काही घडलं नव्हतं. ‘आत्ता कसं वाटतंय?’ असं स्वतःला इतक्यांदा विचारलं की वाटायलाच लागलं. खपली धरतेय का हे बघायला ती सारखी उचलायची, तसला प्रकार.

बायकोला सांगितलं. ती कुकर लावत होती. "आवं, सारखं झाकण काढून बघितलं तर भात वाफंवर यील काय?"

परत एकदाच. हात पुसल्यावर.

११ जुलै

‘एक शब्द’ या खान्यानं आज कामाला लावलं.

वही मागं चाळली तर १२ पैकी ९ दिवस एकच शब्द : चिडचिड. ‘डोकं सटकलं’ पण त्यातच, ‘कंटाळा’ पण त्यातच. एकाच नावाची पेटी भरलीय म्हणजे तपासणारा आळशी आहे. शॉपमध्ये रिजेक्शनच्या कारणात कुणी सगळीकडं ‘खराब’ लिहिलं तर मी कार्ड परत पाठवतो.

म्हणून चहाच्या वेळी बसून आपल्याकडचे शब्द काढले. हुरहुर. धास्ती. घुसमट. रुखरुख. चुटपुट. वैताग. उदास. शरम. जीव टांगणीला. जीव भांड्यात. मन लागत नाही. हलकं. निवांत. मोकळं. भरून आलं. हे सगळे शब्द आईच्या तोंडी रोज असतात. मी मात्र ‘टेन्शन’ आणि ‘चिडचिड’ यांवर चाळीस वर्षं काढली.

मग त्या नऊ दिवसांपुढं खरा शब्द लिहायचा प्रयत्न केला. दोन दिवस धास्ती, एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलंय त्याची. तीन दिवस खरोखर चिडचिड. आणि चार दिवस? बराच वेळ पेन हलेना. त्या चारही दिवशी ‘कारण’ या खान्यात ऑपरेटरचं नाव होतं. नगाची कड (चॅम्फर) नीट मारलेली नाही, उशिरा आला, मोबाइल बघत होता, असली किरकोळ कारणं. शब्द सापडला तेव्हा माझाच मला राग आला. शरम. जूनमधल्या त्या २३ नगांची. पोरगं समोर दिसलं की मला ते आठवायचं आणि मी त्याच्यातच काहीतरी काढायचो.

२००७ साली मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचे स्कॅन काढले होते. समोरच्या भावनेला शब्द दिला की भीतीच्या वेळी चेतणारा अमिग्डाला हा भाग कमी पेटतो, असं त्यांना दिसलं. माझ्या डोक्यात काय पेटलं-विझलं माहीत नाही. पण साडेपाचला मशीनपाशी गेलो आणि त्याला म्हटलं, त्या दिवशीचा ऑफसेट माझा होता.

तो म्हणाला, "मला ठाव हुतं मालक. तवा मी चहा आणाय गेल्तो."

पाच आठवडे त्याला माहीत होतं.

१४ जुलै, सोमवार

आता वाचायचं कधी हे ठरवलं : सोमवारी सकाळी, पंधरा मिनिटं. मधे पानं उलटायची नाहीत.

आठवडा कसा गेला हे वही उघडण्याआधी आठवून लिहिलं : ‘वाईट’. वहीत सातपैकी पाच दिवस ० किंवा +१ होते. वाईट होते ते शनिवार आणि रविवार, शेवटचे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात हात घालायला लावला होता. एकदा ६० सेकंद. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, त्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलेलं. पुन्हा कुठलं करशील विचारलं तर बहुतेकांनी लांबलेलं मागितलं. त्रास जास्त, पण शेवट जरा बरा. आठवणीचा हिशेबच असा कच्चा. डॉक्टरांना मी ‘बरे गेले’ म्हटलं तेव्हाही मिसळीच्या तर्रीनं शेवट बरा करून ठेवला होता.

२१ जुलै

पाऊस. तीन दिवस सलग. वहीत काही खास नाही.

२८ जुलै, सोमवार

आजचं मोठं काम.

माझा पक्का समज होता की रिजेक्शन झालं की माझा दिवस जातो. ३२ दिवसांच्या नोंदींत सात दिवस रिजेक्शन होतं. त्यातल्या दोनच दिवशी मन उणे. बाकी पाच दिवशी ० किंवा वर, जोर तर +१. म्हणजे रिजेक्शन झालं की मी कामाला लागतो, पडत नाही. वीस वर्षं चुकीच्या आरोपीला धरून ठेवलं होतं.

मग झोप. सहा तासांच्या आत झोप झालेल्या रात्री नऊ. पुढच्या संध्याकाळची मनाची नोंद बघितली. नवांपैकी तीनच उणे. इथंही काही निघेना. वही मिटणार होतो.

तेवढ्यात मोबाइलवर रोजचा मेसेज आला. पावसाळ्यात हा मेसेज ज्याला येत नाही तो कोल्हापूरचा नव्हे : राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी अमुक फूट अमुक इंच, इतके बंधारे पाण्याखाली, राधानगरीतून इतका विसर्ग. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. लेकीनं विचारलं, "इथं तर ऊन पडलंय, मग पाणी कसं चढलं?" तिला सांगितलं, गगनबावड्याला पडलेला पाऊस इथं यायला वेळ लागतो. आज ऊन असलं तरी कालचं पाणी अजून वाटेत असतंय.

सांगून झाल्यावर मीच थांबलो.

वहीच्या पानांची झेरॉक्स काढून आणली. झोपेचा खाना कात्रीनं उभा कापला. ती पट्टी मनाच्या खान्याशेजारी ठेवून एक ओळ खाली सरकवली. आता नवांपैकी सातांसमोर उणे.

म्हणजे अपुऱ्या झोपेनंतरचा दिवस मी चहावर आणि घाईवर काढतो. जोर +१ सुद्धा दिसतो. उतरतं ते त्याच्या पुढच्या दिवशी. आणि त्या दिवशी समोर जो असेल तो कारणाच्या खान्यात जातो.

नऊ नगांवरून लॉट पास करत नाहीत, हे मलाही कळतं. शिवाय झोप उडाली म्हणून मन उतरलं की मन आधीच ढासळत होतं म्हणून झोप उडाली, हेही पट्टी सरकवून कळत नाही. पण चाचणी घ्यायला एवढं पुरे. नवांपैकी सहा रात्री मी अंथरुणात पडून मोबाइलवर बँकेचं खातं आणि येणी बघत होतो. रात्री साडेअकराला कोण पेमेंट सोडतो? कुणी नाही. तरी बघायचं.

आजपासून नऊनंतर हिशेब बंद. मोबाइल चार्जिंगला हॉलमध्ये.

४ ऑगस्ट

सातपैकी पाच रात्री पाळलं. दोन रात्री उठून हॉलमध्ये जाऊन बघून आलो. हेही लिहायचं म्हणून लिहिलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

पातळी ३६ च्या वर. संध्याकाळी ताईचा फोन. ती शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहते. शॉपमधली दोन माणसं आणि टेम्पो घेऊन उद्या जायचं.

२३ ऑगस्ट

१९ ते २२ वही नाही. शॉपलाच गेलो नाही, तर हात कुठं धुणार. चार खाडे, खंत नाही.

ताईच्या घरात भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे. त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. रंग दोनदा दिलाय, पण दाजींनी तेवढी एक रेघ मुद्दाम ठेवलीय. त्या रेघेला हात पुरतो, एवढी ती वर आहे.

मी गेलो तेव्हा मला वाटलं होतं गडबड असेल. काहीच नव्हती. दाजी बाजेवर बसून चहा पीत होते. धान्याची पिंपं माळ्यावर गेलेली, फ्रिज विटांवर, कागदपत्रांची पिशवी खिळ्याला. मी म्हटलं, दाजी, अजून तर ३९ पण झालं नाही. म्हणाले, "इशाऱ्याला सामान वर, धोक्याला माणसं भाईर. हे उन्हाळ्यात ठरल्यालं हाय. पाणी दारात आल्यावर इचार करत बसायचा न्हाई. तवा डोकं चालत न्हाई माणसाचं."

दुसऱ्या रात्री ३९ ओलांडलं. ताई, दाजी आणि भाचा आमच्याकडं आले. पुढं पाणी थांबलं, ओसरलं.

या चार दिवसांत मला नवीन असं काही कळलं नाही, पण एक चूक दिसली. अडीच महिने मी नुसता पातळी वाचत होतो. ३९ ला काय करायचं आणि ४३ ला काय, हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहिलं. आज मन +१ आहे, म्हणून आजच.

इशारा : सलग तीन दिवस मन −१ किंवा खाली. मग त्या रात्री दहाला अंथरूण. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राबरोबर रंकाळा, पाऊस असला तरी छत्री घेऊन. आणि बायकोला आकडा सांगायचा. कारण सांगायचं नाही, आकडा. कारण सांगायला लागलो की भांडण होतं.

धोका : दोन आठवड्यांत निम्म्याहून जास्त दिवस उणे, किंवा सलग चार दिवस −२. मग डॉक्टर, वही घेऊन. आणि जगणंच नको असा विचार एकदा जरी आला तरी दिवस मोजत बसायचं नाही, त्याच क्षणी फोन. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. तो नंबर अग्निशामक दलाच्या १०१ शेजारी लिहिला.

पुठ्ठ्याचा फोटो बायकोच्या मोबाइलवर पाठवला. तिनं वाचलं आणि विचारलं, "आणि मला उणं असलं तर?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. अजून नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

झोपेचं गणित गणपतीनं मोडलं.

घरी गौरी-गणपती, गल्लीत मंडळ. रात्री आरती, मग गप्पा, मग मंडपाला पहारा. सलग चार रात्री पाच तासांच्या वर झोप नाही. पट्टी सरकवून बघितली. दुसऱ्या दिवशी मन +१. तिसऱ्या दिवशी +२. ज्या दिवशी हमखास उतरायला हवं होतं त्या दिवशीचा शब्द ‘मोकळं’.

म्हणजे तास हे अर्धंच माप. अंथरुणात एकटा पडून येणी मोजत जागणं आणि दहा जणांत पत्ते कुटत जागणं, दोन्हीचे तास सारखे भरतात. झोपेच्या खान्याशेजारी आता छोटं अक्षर लिहितोय : ‘ए’ म्हणजे एकटा, ‘स’ म्हणजे संगत. शॉपमधले मिस्त्री म्हणाले, "मालक, खानं वाढवत चाललाय, परत पाच टायमाला लिवायला लागशीला." बरोबर आहे. हा शेवटचा.

८ सप्टेंबर, सोमवार

९१ दिवस. नोंदी ७९, खाडे १२. खाड्यांतले चार पुराचे, पाच जूनमधल्या शटर आणि ॲपच्या भानगडीचे, तीन कुठं गेले आठवत नाही.

पाच प्रश्नांची यादी पुन्हा भरली. बेरीज १४, म्हणजे ५६. ताजंतवानं उठण्याला या वेळी २. वाढ वहीमुळं, मोबाइल हॉलमध्ये गेल्यामुळं की गणपतीमुळं, हे वेगळं काढता येणार नाही. अडकलेलं पेमेंटही याच महिन्यात निम्मं आलंय, ते कसं विसरू. थायरॉईड ठीक निघालं होतं. बुधवारी वही घेऊन डॉक्टरांकडं जायचं.

हात पुसले की कपाट आपोआप उघडतं आता. गेल्या आठवड्यात वही घरी राहिली होती तर रिकाम्या फळीवर हात फिरवून आलो.

लेकीनं कालनिर्णयच्या चौकोनात स्वतःचं सुरू केलंय. आकडे नाहीत, चेहरे नाहीत. रंगीत पेन्सिलीनं एक बारीक ठिपका. निळा म्हणजे काय विचारलं तर सांगत नाही. विचारायचं नाही असं ठरवलंय. आईनं काल त्या निळ्या ठिपक्याशेजारीच ‘गॅस’ लिहिलं.

आजची नोंद : झोप ६॥ स, मन ०, जोर −१. शब्द : सुस्त. कारण : मिरवणूक संपली, मांडव सोडताना पाठ धरली. नवीन वहीला उभ्या रेघा मारायच्या राहिल्यात.